विरळ बर्फ

चढाच्या मध्यावर विनीच्या काठ्यांचा आवाज जवळ आलेला आयलाने ऐकला आणि वेग वाढवला. मागे वळून पाहायची गरज नव्हती. पायांतल्या स्कींची रबरी चाकं डांबरावर घरघरली, काठ्यांची लोखंडी टोकं टकटक वाजली, आणि मागचा आवाज हळूहळू पुन्हा मागे गेला.

रस्ता तांब्याच्या बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांमधून वर जात होता. अर्धा नोव्हेंबर सरला तरी यंदा बर्फाचा पत्ता नव्हता. सरोवरावरून नुसता ओला, बोचरा वारा येत होता. त्यामुळे कॉलेजच्या स्की संघातल्या मुली अजून चाकांच्या स्की बांधून डांबरी रस्त्यावरच घाम गाळत होत्या. हरणांच्या शिकारीचा मोसम कालच सुरू झाला होता, म्हणून शिकाऱ्यांना लांबूनच दिसावं असं नारिंगी जाकीट प्रत्येकीच्या अंगावर होतं.

माथ्यावर पोचल्यावर त्या थांबल्या. बाटल्या निघाल्या, नाकं पुसली गेली, टिल्डाने एक पाय हवेत धरून झटकला. टिल्डा दुसऱ्या वर्षाची, तोंडाने फटकळ, आणि आयला कॅप्टन असल्यामुळे तिच्या शेजारीच उभी राहणारी. विनी वर येईपर्यंत सगळ्यांचे श्वास जागेवर आले होते. ती आली, काठ्यांवर वाकली, आणि तिच्या नाकावरून घामाचे थेंब रस्त्यावर पडू लागले.

"चला," आयला म्हणाली.

"एक मिनिट. पाणी पिते."

"आम्ही प्यायलो."

विनीने वर पाहिलं. चेहरा लाल, ओठ पांढरे. मग तिने मान डोलावली, जणू आयलाने काही रास्तच सांगितलं होतं, आणि बाटली परत कमरेला अडकवली.

"विनी, जपून गं," निघता निघता टिल्डा ओरडली. "मागे एकटीच राहिलीस तर कुणीतरी शिकारी तुलाच टिपायचा. लंगडं जनावर आधी मारतात म्हणे."

मुली हसल्या. विनीही हसली. तिला दम लागलेला असल्यामुळे ते हसणं खोकल्यासारखं ऐकू आलं.

*

हे सगळं ऑक्टोबरच्या शेवटी, मेणाच्या खोलीत सुरू झालं होतं. केंट मॅटिला एका स्कीच्या तळावर इस्त्रीने मेण पसरत होता आणि आयला दुसऱ्या टेबलापाशी वाळलेलं मेण खरवडत होती. केंट पंधरा वर्षं इथला कोच होता. तो कधी आवाज चढवत नसे. जे सांगायचं ते हातातल्या कामाकडे बघत सांगायचा.

"विनी कशी वाटते तुला?" त्याने विचारलं.

"मागे पडते."

"हं." इस्त्री पुढे गेली, मागे आली. "डॉक्टर म्हणतात हाड जुळलंय. हाड जुळतं. बाकीचं जुळेलच असं नाही."

आयला खरवडत राहिली.

"जानेवारीत एक मुलगी येऊ शकते," केंट म्हणाला. "बाहेरून. चांगली आहे, फार चांगली आहे. पण जागा कुठाय आपल्याकडे?"

"विनीला सांगा मग."

"मी कसं सांगणार? माझ्या सरावात पाय मोडला तिचा. तिची आई काय म्हणेल, कॉलेज काय म्हणेल?" त्याने स्की उचलून उजेडात धरली आणि तळावरून नजर फिरवली. "तू तिला तुझ्या जोडीला घे. रोज. ओढ जरा तिला, तुझ्या वेगाने. सूट देऊ नकोस. झेपत नाही हे तिचं तिलाच कळलं, तर सगळ्यांचंच भलं आहे. तिचंसुद्धा."

"बरं," आयला म्हणाली.

"तू समजूतदार आहेस," केंट म्हणाला आणि पुढची स्की घेतली.

आयलाला समजावून सांगायची गरजच नव्हती. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेला कॉलेजातून तिघीच जातात. तीन हिवाळे आयला त्या तिसऱ्या जागेसाठी झटली होती. मागच्या वर्षी ती जागा जवळजवळ तिच्या हातात होती, आणि पहिल्याच वर्षाच्या, हडकुळ्या, सरोवराकाठच्या कुठल्या गावातून आलेल्या विनी पेनहेलने शेवटच्या शर्यतीत ती काढून घेतली. निघायच्या सकाळी आयलाने व्हॅनच्या टपावर सगळ्यांच्या स्की बांधायला मदत केली. तेव्हा विनी तिच्या गळ्यात पडली आणि हमसून रडली. "तुझी जागा होती ती," म्हणाली. "मला इतकं वाईट वाटतंय, आयला." ती रडली नसती तर आयलाने कदाचित ते कधीतरी सोडून दिलं असतं.

ऑगस्टमध्ये, उतारावर सांडलेल्या खडीत चाक अडकून विनीची नडगी मोडली. रुग्णवाहिका आली तेव्हा आयला तिच्या उशाशी होती. तिने विनीचा हात धरला होता, आणि त्याच वेळी मनात मार्च महिन्याचा हिशेब केला होता.

*

सराव आता त्या दोघींचा झाला होता. इतर मुली पुढेमागे असायच्या, पण केंट रोज सकाळी तेच सांगायचा, "विनी, तू आयलाबरोबर." आणि विनी लहान मुलीला खाऊ मिळावा तशी खूश होऊन आयलाच्या मागे जाऊन उभी राहायची.

आयला तिला चढांवर घ्यायची. खाणीच्या मागच्या टेकडीवर काठ्या टेकत उड्या मारत चढायचं, खाली यायचं, पुन्हा चढायचं. बाकीच्या थांबल्या की आयला म्हणे, "आपण अजून एकदा." विनी कधीच नाही म्हणायची नाही. एकदा वर पोचल्यावर तिला ओकारी झाली. आयला बाजूला उभी राहून हातमोजा नीट करत राहिली. विनीने तोंड पुसलं, बुटाने वर पानं लोटली आणि म्हणाली, "झालं. चल."

तिच्या या उमेदीचीच आयलाला चीड यायची. एखादीने रडावं, भांडावं, दार आपटून निघून जावं. हिला काही म्हणा, हिचं आपलं, "हो, तू बरोबर म्हणतेस." दिवसेंदिवस आयलाला समोर एक मऊ भिंत असल्यासारखं वाटू लागलं, आणि हात दुखेपर्यंत त्या भिंतीवर मारावंसं वाटू लागलं. केंटचं काम म्हणून सुरू झालेल्या गोष्टीची तिला आता गोडी लागली होती. हे तिला स्वतःला ठाऊक होतं, आणि ठाऊक असण्याने काही अडत नव्हतं.

संध्याकाळी मुली सौनात, वाफेच्या खोलीत, बसायच्या. ती जागा जिमच्या मागे, लाकडी, बुटकी. विनी नेहमी शेवटी यायची, कारण तिला पायाचे व्यायाम संपवायचे असत. ती आत आली की बोलणं थांबायचं. वरच्या फळीवर जागा असली तरी कुणी सरकायचं नाही. ती खालच्या, थंड फळीवर बसायची आणि नडगीवरचा लांब, गुलाबी व्रण अंगठ्याने चोळायची.

"अजून दुखतो का गं?" एकदा टिल्डाने विचारलं. विचारण्यात काळजी नव्हती.

"नाही नाही." विनीने हात काढला. "थंडीत थोडं ओढल्यासारखं होतं. तेवढंच."

"दुखत असेल तर सांग," आयला म्हणाली. "उगाच सगळ्यांचा खोळंबा नको. कोचना सांगू आपण, तुला बसवा म्हणून."

"अगं, नाही दुखत."

आयलाने पळीभर पाणी तापल्या दगडांवर ओतलं. वाफ चर्रर्र करत उठली. तिने अजून एक पळी ओतली, मग अजून एक. एकेक मुलगी कान झाकत, शिव्या देत बाहेर गेली. शेवटी दोघीच उरल्या. विनीने डोळे मिटून डोकं गुडघ्यांत घातलं होतं, पण ती उठली नाही. आयलाच आधी उठली.

*

बर्फ आला तो एका रात्रीत. सकाळी केंटने व्हॅन डोंगराच्या पायथ्याशी उभी केली आणि म्हणाला, "विरळ आहे. जुन्या स्की घ्या, तळ खराब झाले तरी चालतील अशा. पुढे असेल तिने आवाज द्यायचा. पाय नवे मिळत नाहीत." तो व्हॅनमध्येच थांबला, त्याला कुणाला तरी फोन करायचा होता.

आवाज द्यायचा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या बर्फात वाटेवरचे दगड नुसत्या पिठाने झाकल्यासारखे असतात. पुढचीला दगड दिसला की ती ओरडते, "दगड!" मागची तेच ओरडून तिच्या मागचीला कळवते. शाळेत स्की शिकणारं पोरही हे आधी शिकतं, वळायला नंतर.

आयला पुढे होती, तिच्या मागे विनी. टिल्डा आणि बाकीच्या बऱ्याच मागे, कारण टिल्डाच्या स्कीची बुटावरची पकड पुन्हा पुन्हा सुटत होती. झाडांत शांतता होती. दूर कुठेतरी बंदुकीचा एक बार झाला, आणि मग पुन्हा फक्त स्की घसरल्याचा आवाज.

पहिला चढ संपला तेव्हा आयलाच्या ध्यानात आलं, की मागचा आवाज दूर गेलेला नाही.

तिने जोर लावला. विनी मागेच. डांबरावर जी मुलगी पाय ओढत यायची ती बर्फावर वेगळीच होती. तिची स्की लांब, सुरेख घसरत होती. श्वास जड होता पण एका लयीत. आयलाने पुढच्या चढावर सगळं काही ओतलं, मांड्या पेटल्या, तोंडात लोखंडाची चव आली. वर पोचल्यावर तिला खांद्यामागे विनीचं हसणं ऐकू आलं. खरंखुरं, आनंदाचं हसणं.

"आयला!" विनी म्हणाली. "अगं, बर्फ आला!"

समोर उतार होता. तिने गुडघे वाकवले आणि स्वतःला झोकून दिलं.

वळणापलीकडे तिला तो दिसला. पावाएवढा काळा दगड, वरून बर्फाची नुसती साय. आयलाने डावी स्की उचलली, बाजूला टाकली, आणि ती पलीकडे गेली. तिचं तोंड उघडलं होतं. वर्षानुवर्षांच्या सवयीने छातीत हवासुद्धा भरली गेली होती. मग तिने तोंड मिटलं.

आवाज फार मोठा नव्हता. शेजारच्या घरात कुणी कपाटाचं दार लावावं, तेवढाच. विनीची किंकाळी त्यानंतर आली.

आयला थांबली ती उताराच्या तळाशी. स्की काढून वर धावत गेली. विनी कुशीवर पडली होती आणि तिचा उजवा पाय, जुन्या व्रणाच्या खाली, जिथे वाकायला नको तिथे वाकला होता. थोड्या वेळाने, बाकीच्यांच्या पुढे, टिल्डा आली. तिने पाहिलं आणि तिचा फटकळपणा कुठल्या कुठे गेला. ती तोंडावर हातमोजा धरून "अरे देवा, अरे देवा" करू लागली.

"जा," आयला तिला म्हणाली. "खाली जा. कोचना सांग."

झाडांतून एक म्हातारा शिकारी आला, किंकाळी ऐकून. मारलेलं हरीण ओढून न्यायची प्लास्टिकची घसरगाडी त्याच्याकडे होती. त्याने काही न विचारता फांद्या तोडल्या, आपल्या पट्ट्याने आणि मुलींच्या जाकिटांनी विनीचा पाय बांधला आणि तिला हळूच घसरगाडीत ठेवलं. गाडीच्या तळाला वाळलेलं रक्त आणि करडे केस चिकटलेले होते.

"मी ओढतो," म्हातारा म्हणाला.

"मी ओढते," आयला म्हणाली आणि दोरी खांद्यावरून घेतली.

वाट बरीच होती. मागून येणाऱ्या मुलींनी मध्ये मध्ये म्हटलं, की आता आम्ही धरतो. आयलाने कुणाला दोरी दिली नाही. दोरी खांद्यात रुतत होती, आणि ती रुतावी म्हणून ती मुद्दाम पुढे वाकून चालत होती. प्रत्येक गचक्याला मागून विनीचा दबलेला आवाज यायचा, आणि मग, "सॉरी. सॉरी, आयला."

"बोलू नकोस."

पुढच्या वळणावर विनी पुन्हा बोलली.

"आयला, आज मी तुझ्या मागे टिकले ना? शेवटपर्यंत?"

"टिकलीस."

"मला वाटलंच," विनी म्हणाली आणि रडू लागली.

*

दवाखान्याच्या लांब कॉरिडॉरमध्ये केंट कॉफीच्या यंत्रापाशी उभा होता. त्याने एक पेला आयलाच्या हातात दिला.

"डॉक्टर म्हणतात, ऑगस्टमध्ये बसवलेल्या प्लेटच्या खाली हाड आधीच तडकलेलं होतं. आठवडाभर तरी झाला असेल. पोरीने कुणाला सांगितलंच नाही." त्याने मान हलवली. "आज ना उद्या ते जाणारच होतं. तेव्हा तू डोक्यात काही घेऊ नकोस."

"पुन्हा स्की करेल ती?"

"चालेल. चालायला काही हरकत नाही म्हणाले." त्याने आपल्या कॉफीवर फुंकर घातली. नेमकं काय झालं, पुढे कोण होतं, आवाज दिला होता का, यातलं एकही त्याने विचारलं नाही. आयला वाट पाहत राहिली. त्याने विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, असं तिला त्या वेळी अगदी खात्रीने वाटलं.

"सगळं गाव तुझं नाव काढतंय," तो म्हणाला. "एकटीने खाली आणलंस तिला. बरं, आज लवकर झोप. रविवारी चाचणी आहे. जानेवारीचं मी बघतो."

विनीला शस्त्रक्रियेला न्यायचं होतं. तोवर ती पडद्यामागच्या एका खाटेवर होती. औषधाने तिचे डोळे जड झाले होते. आयलाला पाहून तिने हात पुढे केला. आयलाने तो धरला. ऑगस्टमध्येही असाच धरला होता.

"तू ओरडली असशील," विनी म्हणाली. "टोपी कानांवर होती माझ्या. ऐकूच आलं नाही बघ."

आयलाने तिच्या हाताकडे पाहिलं. नखांत अजून माती होती.

"दुखत होतं ते सांगायला हवं होतं मी," विनी बोलत राहिली. शब्द एकमेकांत मिसळत होते. "पण तू इतकं करत होतीस माझ्यासाठी. कसं सांगणार? कोच म्हणाले होते ना मला, पहिल्याच दिवशी. म्हणाले, आयलाने स्वतः येऊन तुला मागून घेतलंय. विनीला मी तयार करते म्हणाली. कुणी सांगितलं नव्हतं तिला." ती हसली. "मी घरी फोन केला होता त्या दिवशी. आईला म्हटलं, बघ, तिची जागा घेतली मी, आणि तरी."

आयलाचा हात तिच्या हातात तसाच राहिला. कॉरिडॉरमधून कुणीतरी चाकांची खुर्ची ढकलत नेली. तो आवाज बराच लांब जाईपर्यंत ऐकू येत होता.

"खरंय ना ते?" विनीने विचारलं. तिचे डोळे मिटत आले होते. "तूच मागितलंस ना मला?"

"हो," आयला म्हणाली. "मीच."

तिला न्यायला माणसं आली. आयला पडद्याबाहेर येते तो समोरून एक ठेंगणी बाई जवळजवळ पळत आली. कोटाची बटणं वरखाली लागलेली, डोक्याला शाळेच्या स्वयंपाकघरात बांधतात तसा रुमाल अजून तसाच, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. परिचारिकेने तिला थांबवून सांगितलं, की आत्ताच नेलंय, आता बसून राहायचं. बाई उभीच राहिली. मग तिची नजर आयलाच्या जाकिटावर, त्यावरच्या कॉलेजच्या नावावर गेली.

"तू आयला?"

आयलाने मान डोलावली.

विनीच्या आईने तिला मिठी मारली. जोरात, एका हाताने, दुसऱ्या हातातलं गाठोडं सांभाळत. तिच्या केसांना कांद्याचा आणि भाजलेल्या पिठाचा वास होता. "घरी तुझ्याशिवाय विषय नसतो पोरीचा," ती म्हणाली. "आयला असं करते, आयला तसं सांगते. मी म्हणायचे, कोण गं ही एवढी? ओढून आणलंस ना तिला? एकटीने?"

"हो."

"देव तुझं भलं करो." तिने मनगटाने डोळे पुसले. मग काहीतरी करायला हवं म्हणून गाठोडं सोडलं. आत पेस्टी होत्या, मांस, बटाटे आणि सलगम भरून भाजलेल्या, खाणीतली माणसं डब्यात न्यायची तशा जाड काठांच्या. "फोन आला तेव्हा नुकत्या काढल्या होत्या. वाटलं, शुद्धीवर आली की भूक लागेल. पण आज तिला काही द्यायचं नाही म्हणतात." तिने एक काढून आयलाच्या हातात ठेवली. "तू खा, बाळा. सकाळपासून काही पोटात नसेल तुझ्या."

"नको, मी..."

"खा गं. गरम आहे अजून."

दोघी भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसल्या. आयलाने एक घास घेतला. मिरी, लोणी, मऊ शिजलेला बटाटा. पहिला घास खाली उतरला तेव्हा तिला कळलं, की आपल्याला किती भूक लागली आहे. ती खाऊ लागली. खांदा दुखत होता, कॉफी बाजूला गार होत होती. तिने काठसुद्धा टाकला नाही. बोटांना लागलेले पापुद्रे चाटले.

विनीची आई तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, ती आल्यापासून पहिल्यांदाच, काहीतरी सैल झालं होतं.

"अजून एक घे," ती म्हणाली.

आयलाने हात पुढे केला.